गाळलेलं पी.पी.

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत मी दोन अक्षरं गाळली. छापखान्याची चूक नव्हती. छापखानेवाल्यानं मला उलट आठवण करून दिली होती. मी जाणूनबुजून गाळली. तेव्हा मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि ‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न दर परीक्षेला पोरांना घालत होतो, एवढं सांगितलं म्हणजे माझ्या लायकीचा अंदाज यावा.

ती दोन अक्षरं म्हणजे पी.पी. आता ती कोणाला ठाऊक नसतात. माझ्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, “पॉवर पॉइंट?” ज्या काळात गावात मोजकेच फोन होते, त्या काळात ज्याच्या घरी फोन नाही तो माणूस शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि त्याच्यापुढं पी.पी. लिहायचा. अर्थ असा की, हा फोन माझा नाही. मला बोलवावं लागेल, तेवढा धीर धरा. पी.पी. म्हणजे नेमकं काय, याबद्दल आमच्या गल्लीत मतभेद होते. गोंदियाला ज्यांचं जाणंयेणं होतं ते म्हणायचे, ‘पडोसी-पडोसी’. माझ्या आईच्या मते ते ‘पळत पळत’ होतं, कारण फोन आला की पळावं तिलाच लागायचं. खरा अर्थ मलाही माहीत नव्हता. पण मास्तर असल्यामुळे तसं मी कधी कबूल केलं नाही.

नवेगाव बांध या गावी आमच्या घराला लागूनच ज्यांचं घर होतं, त्यांच्याकडे तो फोन होता. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची. त्यांचा मासोळीचा धंदा. तलावावरची मासोळी घ्यायची, बर्फात भरायची आणि गोंदिया-नागपूरला पाठवायची. “धान थांबते, मासोळी थांबत नाही,” असं ते म्हणायचे. म्हणून बाजाराचा भाव आधी कळायला हवा, आणि भाव कळायचा तर फोन हवा. त्यांनी अर्ज केला तेव्हा त्यांची मोठी मुलगी पाळण्यात होती. फोन आला तेव्हा ती साडी नेसून मैत्रिणीच्या लग्नाला जाऊ लागली होती. “पोरगी दोन वर्सांत बोलाले लागली,” काकाजी सांगायचे, “फोनले सोळा लागले. पन आता पोरगी गप बसते अन् फोन बसू देत नाही.”

ओसरीत, लाकडी स्टुलावर, काळा फोन. त्यावर काकींनी विणलेलं लाल लोकरीचं झाकण. आलेल्या-गेलेल्यासमोर काकी ते झाकण असं हळू काढायच्या, जसं काही आत नवरी बसली आहे. आणि एकदा फोन आल्यावर तो काकाजींचा असा फार दिवस राहिलाच नाही. कोणाचा भाऊ सैन्यात, कोणाची लेक भिलाईला, कोणाचा खटला भंडाऱ्याच्या कोर्टात. सगळ्यांनी तोच नंबर दिलेला. काकाजी हात मासोळीत असले तरी उठायचे, कोपरानं रिसिव्हर उचलायचे आणि मग भिंतीवरून हाक घालायचे. माणसाचं नाव नाही घ्यायचे, गावाचं घ्यायचे. “ओ बाई, भिलाई आली!” “अरे, कोर्ट आलं तुह्यं!” वैताग मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नाही. वास मात्र यायचा. त्या रिसिव्हरला कायम मासोळीचा वास यायचा, आणि मी दोन बोटांनी तो धरायचो. हेही इथेच लिहून टाकतो. पुढं लाज कमी वाटेल.

नोकरी लागली त्या वर्षी मीही अर्ज केला. यादीत नाव लागलं असं कळलं. म्हणजे यादी कुठेतरी होती आणि नाव तिच्यात कुठेतरी होतं, याहून जास्त कोणालाच काही सांगता येत नव्हतं. अधूनमधून लाइनमन दिसला की मी त्याला चहा पाजायचो. तो चहा पिऊन खांबाकडे बघायचा आणि म्हणायचा, “सर, आपकी जोडी खाली नहीं है.” फोनला दोन तारांची एक जोडी लागते, आमच्या खांबावर तेवढी शिल्लक नव्हती. पण तो हे भर रस्त्यात म्हणायचा, आणि नेमकं त्याच वेळी आई माझ्यासाठी मुली बघत होती. शेजारच्या बायका आईला सांत्वनाच्या सुरात म्हणायच्या, “होईन बाई, मास्तरची बी जोडी होईन.”

तारांची जोडी राहिली बाजूला, माझी जोडी आधी ठरत आली. नागपूरची मुलगी. वडील सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, घरी फोन. बैठकीला कोणाला न्यायचं याचा विचार सुरू झाला. माझे वडील आधीच गेले होते. काकाजी आपणहून म्हणाले, “मी येऊ का जी मास्तर? बापाच्या जागी कोनी तं पाह्यजे.”

मी म्हणालो, “गाडीत जागा नाही, काकाजी.”

गाडीत जागा होती. माझ्या मनात नव्हती. नागपूरच्या दिवाणखान्यात काकाजी बसलेत, बंडीला खवले चिकटलेत आणि ते मुलीच्या बापाला “काऊन जी, हुंडा-गिंडा नोको आमाले” असं म्हणताहेत, हे चित्र मला सहन होईना. मी आमच्या दूरच्या मामांना नेलं. ते मुख्याध्यापक होते आणि तोंड उघडत नसत.

बैठकीत सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात मुलीची आई आतून आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “मला एकच विचारायचंय. तिकडे सगळं जंगल. इतक्या लांब पोरगी द्यायची तर निदान तिचा आवाज तरी ऐकू यावा. घरी फोन आहे का?”

मी म्हणालो, “आहे.”

पुढची अनेक वर्षं मी स्वतःला व्याकरण शिकवत आलो, की कोणाच्या घरी ते त्यांनी विचारलं नव्हतं, आणि ‘आहे’ या वाक्याला मी कर्ता दिला नव्हता. शिवाय माझं नाव यादीत होतंच. लग्नापर्यंत फोन येईल, मग खोटं आपोआप खरं होईल. मुलीच्या आईनं नंबर विचारला. मी काकाजींचा दिला. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पोह्यांकडे वळले. तोंड न उघडणारा माणूस नेण्याचा असाही फायदा असतो.

मग पत्रिका. अर्जुनीच्या छापखान्यात मजकूर दिला. छापखानेवाला ओळखीचा होता. आमच्या गल्लीत राहणाऱ्या त्याच्या वहिनीचे फोनही काकाजींकडेच यायचे. तो मजकूर वाचून म्हणाला, “सर, नंबरापुढं पी.पी. राहिलं.”

“राहू द्या,” मी म्हणालो.

“राहू द्या म्हंजे टाकू का नोको टाकू?”

“नका टाकू.”

त्यानं डोळे मिचकावले नाहीत की हसला नाही. फक्त “बरं” म्हणाला. ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतं.

नागपूरचे फोन सुरू झाले. भावी सासरे फार शिस्तीचे, संध्याकाळी जेवणाआधी फोन करायचे, आधी स्वतःचं नाव-हुद्दा सांगायचे, मग विचारायचे, “कोण बोलतंय?” काकाजींना पत्रिकेतल्या गाळलेल्या अक्षरांबद्दल काही ठाऊक नव्हतं. मी त्यांना इतकंच सांगितलं होतं, की नागपूरहून फोन येतील. ते आपल्या परीनं उत्तर द्यायचे, “मी घरचाच मानूस आहो जी. थांबा, मास्तरले बलावतो.”

घरचाच माणूस. आमच्या गल्लीत याचा अर्थ, परका समजू नका, मी आपल्यातलाच. नागपूरच्या कचेरीतून तो शब्द वेगळा ऐकू जातो. तिथं ‘आमचा माणूस येईल’ म्हटलं की शिपाई येतो. ‘घरचा माणूस’ म्हणजे घरगडी.

एका संध्याकाळी सासरे खुशीत होते. म्हणाले, “तुमचा माणूस फार अदबीचा आहे हो. हल्ली असे मिळत नाहीत. बऱ्याच दिवसांपासून आहे का तुमच्याकडे?”

काकाजी माझ्यापासून दोन हातांवर बसून तराजूच्या साखळीतला गुंता सोडवत होते. मला सत्य सांगायला एक श्वास पुरला असता. मी म्हणालो, “हो, जुना आहे.”

फोन ठेवला. काकाजींनी मान वर केली. “काय जुना हाये जी?”

“रेडिओ,” मी म्हणालो. “घरातला रेडिओ. त्यांनी विचारलं.”

“हौ,” ते म्हणाले. “पन चालते चांगला.”

लग्न नागपूरला. मेटाडोरनं वरात निघाली. या खेपेला गाडीत जागा नाही असं सांगायची सोय नव्हती, कारण मेटाडोर काकाजींनीच ठरवून दिली होती. मासोळीची होती, आदल्या दिवशी त्यांनी ती स्वतः धुऊन घेतली होती. ते धुतलेलं धोतर, कोरी बंडी घालून पुढं बसले. अंगाला अत्तर लावलं होतं. अत्तरानं मासोळीचा वास जात नाही, दोन्ही वेगवेगळे येत राहतात.

लग्न लागल्यावर मान द्यायची वेळ आली. रीत अशी होती की, मुलाकडच्या वडीलधाऱ्यांना पाटावर बसवायचं, टिळा लावायचा, खांद्यावर शेला घालायचा आणि हातात नारळ द्यायचा. ते झालं की शेवटी बँडवाले, गाडीचा ड्रायव्हर आणि गडीमाणसं. त्यांना उभ्याउभ्याच एकेक गमछा आणि त्याच्या घडीत एक नोट. सासऱ्यांनी दोन्ही ढीग वेगळे लावले होते. शिस्तीचे होते.

काकाजी पाटावर बसायला पुढं झाले. माझ्या वडिलांच्या जागी दुसरं कोण बसणार होतं? त्यांनी पाटाजवळ चपला काढल्या आणि सासऱ्यांना नमस्कार करून ओळख दिली, “राम राम साहेब. मी फोनवरचा. घरचाच मानूस.”

“अरे वा, तुम्हीच का!” सासरे मनापासून खूश झाले. त्यांनी काकाजींच्या पाठीवर हात ठेवला, त्यांना हळूच पाटापासून बाजूला घेतलं आणि दुसऱ्या ढिगातला एक गमछा उचलून त्यांच्या हातात दिला. नोट इतरांपेक्षा मोठी होती. “जावईबापू तुमचं फार कौतुक करतात. असेच इमानानं राहा.”

मी समोर उभा होतो. डोक्याला बाशिंग, हातात कट्यार. कट्यारीचा उपयोग कोणावर करावा हे त्या क्षणी मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

काकाजींनी गमछ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. फार वेळ नाही, हातातली मासोळी ताजी की शिळी हे बघायला त्यांना जेवढा वेळ लागायचा तेवढाच. मग दोन्ही हात जोडून ते सासऱ्यांना म्हणाले, “मालकाचं भलं होवो जी.” आणि चपला घालून ते ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

ते तिथं एक शब्द बोलले असते तरी लग्न लागलेलंच होतं, मोडलं नसतं. पण मी सासरी कायमचा खोटारडा ठरलो असतो. ते बोलले नाहीत. आईनं ते पाहिलं होतं. हात धुताना तिनं मला कोपऱ्यात गाठलं. “काऊन बोलला नाही तू?”

“आता कसं बोलणार? सगळ्यांसमोर?”

“गमछा तं सगळ्यायसमोरच देल्ला ना,” ती म्हणाली.

परत येताना मेटाडोरमध्ये सगळे पेंगत होते. काकाजी पुढच्या सीटवरून मागं न वळता म्हणाले, “मास्तर, रेडिओ बरा चालते ना जी?”

मी झोपेचं सोंग घेतलं. नवरी शेजारी जागी होती आणि तिनं मला सोंग घेताना पाहिलं. माझ्या संसाराची सुरुवात ही अशी.

दुसऱ्या दिवशी तिनं घरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न केला, “फोन कुठाय?” मी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीला फोन नव्हता, भिंतीपलीकडे होता. तेवढ्यात पलीकडूनच हाक आली, “मालक! नागपूर आलं!”

तोवर मी मास्तर होतो. त्या दिवसापासून मालक झालो. गल्लीला वाटलं, लग्न झालं म्हणून काकाजी थट्टा करताहेत. आम्ही दोघं गेलो. ओसरीत फोनच्या वर खिळा ठोकलेला होता आणि त्यावर तो नागपूरचा गमछा टांगलेला होता. काकाजींनी गमछा काढला, रिसिव्हर नीट पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. मासोळीचा वास मला येऊ नये म्हणून. म्हणजे मी दोन बोटांनी धरतो, हे त्यांनी कधीच पाहून ठेवलं होतं.

बायकोनं मला त्या संध्याकाळी सगळं विचारून घेतलं. ती रागावली नाही; रागावली असती तर बरं झालं असतं. आठवड्याच्या आत ती एकटी शेजारी गेली आणि काकाजींच्या पाया पडून आली. “बाबांकडून चूक झाली, मी माफी मागितली,” तिनं सांगितलं. “फोन आपला नाही हे मी आईला सांगणार नाही, ती उगीच काळजी करत बसेल. पण त्या गमछ्याचं बाबांना तुम्ही सांगायचं. आणि काकाजींची माफीही तुम्हीच मागायची. ते तुमचं आहे.”

“सांगतो,” मी म्हणालो. “एकदा आपला फोन आला की सांगतो. त्यांच्याच फोनवरून त्यांच्यासमोर कसं सांगू?”

मला ही पळवाट तेव्हा फार तर्कशुद्ध वाटली. यादी सरकली की माफी मागायची. आणि यादी सरकणं माझ्या हातात नव्हतं, त्यामुळे माफी न मागणंही माझ्या हातात नव्हतं. वर्षभर मी लाइनमनला चहा पाजत राहिलो, पण खरं सांगायचं तर तो “जोडी खाली नहीं है” म्हणाला की मला हायसं वाटायचं. गावात फोन मिळाला नाही म्हणून खूश होणारा माणूस मी एकटाच असेन.

रोज काकाजी गमछ्यानं रिसिव्हर पुसत राहिले. मुलगी झाली ती बातमी मी त्याच फोनवरून नागपूरला दिली. तेव्हाही त्यांनी आधी पुसला.

शेवटी एकदा जोडी खाली झाली. लाइनमन खांबावर चढला, तार आमच्या खिडकीतून आत आली आणि फिकट रंगाचा फोन टेबलावर बसला. काकाजी सगळ्यांत आधी नारळ घेऊन आले, नारळ फोडला, निघून गेले. थोड्या वेळानं आमच्या नव्या फोनवर पहिली घंटी वाजली. मी बायकोकडे ऐटीत पाहून रिसिव्हर उचलला.

“मालक हाएत का घरी?” आवाज फोनमधूनही येत होता आणि भिंतीवरूनही.

“बोलतोय, काकाजी.”

“मंग आता मले सुट्टी ना जी?”

बायको समोर उभी होती. फोन आला होता. अट पूर्ण झाली होती. याहून सरळ संधी कोणाला मिळते? मी म्हणालो, “हॅलो? हॅलो? आवाज नीट येत नाही, काकाजी.”

“येईन येईन,” काकाजी म्हणाले, “नवा हाये अजून.” आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढं सासरे एकदा नवेगावला राहायला आले. तलाव पाहिला, पक्षी पाहिले, आणि जेवताना विचारलं, “तुमचा तो अदबीचा माणूस दिसत नाही?”

“आता नाही आमच्याकडे,” मी म्हणालो. “स्वतःचा धंदा टाकलाय त्यानं. मासोळीचा.”

“वा! माणसानं असंच पुढं जावं.”

बायको भात वाढता वाढता थांबली. भिंतीपलीकडे काकाजी खोकले. संध्याकाळी त्यांच्याकडून ताटभर रोहू आली, साफ करून, मीठ-हळद लावून. निरोप असा होता, की नव्या धंद्यातली पयली मासोळी मालकाच्या पाव्हन्यायसाठी. सासऱ्यांनी ती आवडीनं खाल्ली. मला काटे लागले.

मग मोबाइल आले. आमचा फिकट फोन बंद पडला तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही. काकाजींचा काळाही मुका झाला, पण त्यांनी तो जागचा हलवला नाही. स्टूल, लाल झाकण, वर खिळा, खिळ्यावर गमछा. काकी गेल्या. काकाजी थकले, धंदा सुटला, ऐकू कमी येऊ लागलं. मला हाक मात्र अजून तीच, “कसे हाये मालक?” माझ्या डोक्यात माफीची वाक्यं तयार होती. मराठीचा मास्तर, मी ती वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवली होती. ‘आपल्या ठायी माझ्याकडून घडलेला प्रमाद’ अशी सुरुवात होती. इतकी सुंदर वाक्यं कोणाला म्हणून दाखवता येत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण होता. माफीच्या यादीतही नाव होतंच. नंबर आला की मीच मागच्याला पुढं जाऊ देत होतो.

यंदा मुलीचं लग्न ठरलं. फोन करून सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, कळवलं. त्यांचं वय खूप झालंय, पण शिस्त गेलेली नाही. म्हणाले, “मी येणार. आणि हे पाहा, तो तुमचा जुना माणूस असेल अजून, तर त्यालाही बोलवा. या वेळी त्याला चांगल्यातला गमछा देऊ. मी इथूनच आणतो.”

मोबाइल स्पीकरवर होता. बायको भाजी निवडत होती. तिनं हातातली जुडी खाली ठेवली. “आता तुम्ही सांगता की मी सांगू?”

मी पत्रिका घेतली आणि शेजारी गेलो. काकाजी ओसरीत खुर्चीवर बसले होते. पत्रिका हातात घेऊन त्यांनी लांब धरली, जवळ धरली, खालचा नंबर बोटानं चाचपला.

“हा कोनाचा जी?”

“माझा. मोबाइलचा.”

“पी.पी. नाही?”

त्यांना ते कधी कळलं होतं कोण जाणे. एखादी पत्रिका त्यांच्या घरीही गेलीच होती की. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांना फक्त गमछ्याचं माहीत आहे.

“नाही, काकाजी.”

“बरं.” त्यांनी पत्रिका घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. मग अगदी साध्या आवाजात, जेवणाला भात की पोळी असं विचारावं तसं विचारलं, “मालक, या बारी शेला का गमछा? तसं सांगा. म्हंजे मी तसा उभा राहीन.”

ते टोमणा मारत नव्हते. खरोखर विचारत होते. माझ्या मुलीच्या लग्नात पुन्हा मला सांभाळून घ्यायची त्यांची तयारी होती.

मी तिथंच मोबाइल काढला आणि नागपूर लावलं. स्पीकर मोठा केला.

“बोला जावईबापू.”

“मामाजी, मी काकाजींच्या ओसरीत बसलोय. माझ्या लग्नाच्या वेळी आमच्याकडे फोन नव्हता. मी दिलेला नंबर यांचा होता. ते आमच्याकडे कामाला नव्हते. कधीच नव्हते. ते आमचे शेजारी. वडिलांच्या जागी आले होते. तुम्ही विचारलं तेव्हा मी ‘जुना आहे’ म्हणालो. मी खोटं बोललो.”

मला वाटलं लाइन गेली. आणि लाज वाटते, पण गेली असेल तर बरं, असंही वाटलं.

“म्हणजे मी त्यांना पाटावरून उठवलं?”

“बसू दिलं नाही.”

“आणि तुम्ही समोर होते?”

“होतो.”

“द्या त्यांना फोन.”

काकाजींनी सवयीनं हात वर केला, खिळ्यावरचा गमछा काढला. आता तो गमछा राहिला नव्हता, नुसती जाळी होती. माझा मोबाइल त्यांनी नीट पुसला आणि कानाला लावला. “राम राम साहेब. घरचाच मानूस बोलून राहिलो.”

सासरे काय बोलले ते मला तुटक ऐकू आलं. माफ करा, असं दोनदा आलं. आयुष्यभर कचेरी चालवलेला माणूस अडखळत होता.

“तुमचं काऊन चुकलं जी?” काकाजी म्हणाले. “तुमाले जे सांगतलं, तेच तुमी आयकलं. तुमी लग्नाले या. आपुन दोघं संगं पाटावर बसू.”

मोबाइल त्यांनी मला परत दिला. गमछा मांडीवर ठेवला. रस्त्याकडे बघत म्हणाले, “तुमचे मामाजी तं बोलले.”

आता माझी पाळी होती. यादीत माझ्यापुढं कोणीच उरलं नव्हतं. ‘आपल्या ठायी’ तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं. मी खाली, त्यांच्या पायांजवळ बसलो. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं बोलावं लागलं, आणि गल्लीनंही ऐकलं.

“काकाजी, माह्यं चुकलं जी. रेडिओ नव्हता तो, तुमच्याबद्दलच बोललो होतो मी. फोन तुमचा होता अन् दोन अक्षरं लिवाची मले लाज वाटली. हा गमछा माह्या खांद्यावर पाह्यजे होता. माफ करा मले.”